स्टार्टअप व्हिसा आणि पाठिंब्याचे पत्र : गैरवापराच्या शक्यतांचा बीड जिल्ह्याच्या अनुभवातून विचार

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नीचा एक 'कोयता' हंगाम संपेपर्यंत राबतो. या स्थलांतराचा अभ्यास अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांच्या अभ्यासकांनी पुष्कळ केला आहे. त्याच गावांतील पुढची पिढी शिकून पुण्याला, तेथून बंगळूर-हैदराबादला आणि काही प्रमाणात परदेशी जाऊ लागली, त्या दुसऱ्या स्थलांतराचा अभ्यास मात्र त्या मानाने कमी झालेला आहे. पहिल्या स्थलांतरात मुकादम असतो, तर दुसऱ्यात 'कन्सल्टंट' असतो. दोघांचेही काम दूरच्या मागणीची गाठ जवळच्या गरजेशी घालून देण्याचे आहे, आणि दोघांच्याही व्यवहारात आगाऊ रक्कम हा कळीचा मुद्दा आहे. फरक एवढाच, की मुकादम रक्कम देतो आणि कन्सल्टंट ती घेतो.

अलीकडच्या काळात या कन्सल्टंटांच्या जाहिरातींत विद्यार्थी व्हिसा आणि नोकरीचा व्हिसा यांच्या जोडीला एक तिसरा शब्द आला. तो म्हणजे 'स्टार्टअप व्हिसा'. नवा उद्योग काढणाऱ्या परदेशी व्यक्तीस आपल्या देशात राहण्याची परवानगी देणारी ही योजना आहे. तिचा हेतू चांगला आहे. तथापि, जेथे जेथे ती अमलात आली तेथे तेथे तिच्या गैरवापराची तक्रार थोड्याच वर्षांत उभी राहिली, आणि काही देशांनी ती गुंडाळून ठेवली. हे असे का घडते, त्याची यंत्रणा कोणती आणि त्यात खरे नुकसान कोणाचे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बीड जिल्ह्याने असाच एक प्रश्न फार पूर्वी, अगदी वेगळ्या क्षेत्रात अनुभवला असून त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही झालेला आहे. त्या अनुभवाच्या आधारे हा विषय अधिक स्पष्ट होतो.

संकल्पना आणि पार्श्वभूमी :

परदेशी उद्योजकास प्रवेश देण्याची कल्पना जुनी आहे. पूर्वी तिचे स्वरूप 'पैसा आणा आणि राहा' असे होते. कॅनडाची गुंतवणूकदार योजना या प्रकारची होती; ती २०१४ मध्ये रद्द झाली. अमेरिकेची ईबी-५ योजना १९९० पासून आहे. या योजनांत माणसापेक्षा त्याच्या बँकखात्याला महत्त्व होते. त्यानंतर असा विचार पुढे आला, की ज्याच्याजवळ पैसा नाही पण कल्पना आहे, अशा तरुण संस्थापकाला बोलावावे. त्याने कंपनी काढली तर रोजगार निर्माण होईल, आणि ती यशस्वी झाली तर कर मिळेल. अमेरिकेत २०१० मध्ये अशा व्हिसाचे विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. कॅनडाने १ एप्रिल २०१३ पासून स्टार्टअप व्हिसा प्रायोगिक स्वरूपात सुरू केला आणि २०१८ मध्ये त्याला कायम स्वरूप दिले. नेदरलँड्सने २०१५ पासून एक वर्षाचा परवाना देण्यास प्रारंभ केला. इतर युरोपीय देशांनीही थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरला.

या योजनांची गरज काल्पनिक नव्हती. दिल्लीच्या आयआयटीतून पदवी घेऊन २००० मध्ये अमेरिकेत गेलेले ज्योती बन्सल यांना स्वतःची कंपनी काढण्याची इच्छा असूनही, नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे, कामाची मोकळी परवानगी मिळेपर्यंत सात वर्षे थांबावे लागले. २००८ मध्ये त्यांनी स्थापन केलेली ॲपडायनॅमिक्स ही कंपनी २०१७ मध्ये सिस्कोने सुमारे ३७० कोटी डॉलरला विकत घेतली. थांबावे लागलेल्या प्रत्येकाची गोष्ट अशी संपत नाही. परंतु कायद्यातील पोकळी खरी होती, हे यावरून दिसते.

कॅनडातील रचना :

गैरवापराची यंत्रणा समजून घेण्यासाठी कॅनडाचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे. याचे कारण असे, की तेथे तात्पुरता परवाना नव्हे तर थेट कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजे सर्वसामान्यांच्या बोलण्यातील 'पीआर', दिला जात असे.

अर्जदाराने सरकारने नियुक्त केलेल्या एखाद्या संस्थेचे पाठिंब्याचे पत्र आणावे, ही मुख्य अट होती. नियुक्त संस्था तीन प्रकारच्या होत्या. व्हेंचर कॅपिटल निधीने पाठिंबा द्यायचा तर किमान २ लाख कॅनेडियन डॉलर गुंतवावे लागत. एंजल गुंतवणूकदारांच्या गटासाठी ही मर्यादा ७५ हजार डॉलर होती. तिसरा प्रकार इन्क्युबेटरचा, म्हणजे नवउद्योगाला जागा, मार्गदर्शन व संपर्क पुरविणाऱ्या केंद्राचा होता. त्याला काहीही गुंतवावे लागत नसे. अर्जदाराला आपल्या कार्यक्रमात प्रवेश दिला म्हणजे पुरे. याखेरीज इंग्रजी वा फ्रेंच भाषेची मध्यम पातळी आणि कुटुंबाच्या निर्वाहापुरता पैसा एवढ्याच अटी होत्या. शिक्षणाची अट नव्हती आणि स्वतःच्या गुंतवणुकीचीही नव्हती. एका उद्योगाच्या नावावर पाच जणांपर्यंत अर्ज करता येत. प्रत्येकाकडे किमान १० टक्के मतदानाचा हक्क असावा आणि सर्व अर्जदार व नियुक्त संस्था मिळून तो निम्म्याहून अधिक असावा, एवढाच दंडक होता.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कॅनडाच्या जुन्या उद्योजक योजनेत आलेल्या माणसाने तीन वर्षांच्या आत प्रत्यक्ष व्यवसाय चालवून दाखवावा, अशी अट असे. नव्या योजनेत ती काढून टाकण्यात आली. कंपनी बुडाली तरी पीआर कायम राहील, असे स्पष्ट करण्यात आले. यामागील तर्क बिनतोड होता. नवउद्योगांपैकी बहुसंख्य बुडतात, हा त्या क्षेत्राचा स्वभावच आहे. बुडाल्याबद्दल माणसाला देशाबाहेर काढायचे ठरविले, तर धोका पत्करणारा माणूस येणारच नाही.

या तर्काच्या पोटातच गैरवापराची शक्यता दडलेली होती. प्रामाणिक संस्थापकाची बुडालेली कंपनी आणि केवळ पीआरसाठी कागदावर काढलेली कंपनी, या दोन्ही दोन वर्षांनंतर बाहेरून पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात. दोन्हींचे संकेतस्थळ बंद पडलेले असते, दोन्हींच्या खात्यात पैसा नसतो आणि दोन्हींचे संस्थापक कोठेतरी नोकरी करीत असतात. परिणामावरून हेतू ओळखता येत नाही. म्हणून सगळी तपासणी सुरुवातीच्या क्षणावर, म्हणजे कागदांवर येऊन ठेपते. आणि सगळ्या कागदांत वजनदार कागद एकच, तो म्हणजे पाठिंब्याचे पत्र.

पत्राचे वस्तूत रूपांतर :

गुंतवणूकदाराच्या पत्रामागे त्याचा स्वतःचा पैसा असतो. पैसा बुडण्याची भीती हीच त्याच्या पत्राची हमी असते. इन्क्युबेटरच्या पत्रामागे अशी कोणतीही भीती नसते; उलट अर्जदाराकडून कार्यक्रमाचे शुल्क मिळत असेल, तर पत्र जितकी अधिक तितके उत्पन्न अधिक. अशा परिस्थितीत प्रामाणिकपणे चाळणी करणाऱ्या केंद्रांबरोबरच पत्राकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणारी केंद्रे उभी राहण्यास वाव मिळतो. मग कन्सल्टंट 'तयार' कल्पना पुरवितो. व्यवसाय आराखडा, सादरीकरण, बाजारपेठेचा अभ्यास हे सगळे एकाच साच्यातून निघते. पाच अर्जदारांपैकी एखाददुसरा खरोखर उद्योगाशी संबंधित असतो आणि उरलेले १० टक्के मतदानहक्काचे प्रवासी असतात. या प्रवाशांना स्वतःच्या कंपनीचे उत्पादन काय आहे हे मुलाखतीत धड सांगता येत नाही, ही अशा प्रकरणातील पहिली खूण होय.

कॅनडाच्या नियमांत याला तोंड देण्याची तरतूद नव्हती असे नाही. केवळ वास्तव्याचा हक्क मिळविणे हाच मुख्य हेतू असेल तर अर्ज फेटाळता येत असे. शंका आल्यास अधिकारी त्याच क्षेत्रातील तज्ज्ञांकडून सहपरीक्षण मागवू शकत. मात्र हे सहपरीक्षण 'कल्पना चांगली आहे काय' याचे नसून 'संस्थेने पत्र देण्यापूर्वी नेहमीची चौकशी केली होती काय' एवढ्याचेच असे. विद्यापीठीय वर्तुळात वावरणाऱ्यांना या भेदाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. प्रबंध चांगला आहे काय आणि प्रबंधासोबतची प्रमाणपत्रे पूर्ण आहेत काय, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर सोपे असल्यामुळे यंत्रणा तेच विचारीत राहते.

परिणाम व्हायचा तो झाला. अर्जांचा ढीग वाढला आणि निकालाचा काळ अनेक वर्षांवर गेला. ३० एप्रिल २०२४ पासून एका नियुक्त संस्थेने वर्षाला १० पेक्षा अधिक उद्योगांना पाठिंबा देऊ नये, अशी मर्यादा घालण्यात आली, आणि कॅनेडियन भांडवल लाभलेल्या उद्योगांना अग्रक्रम देण्याचे ठरले. तेवढ्याने भागले नाही. डिसेंबर २०२५ अखेर या योजनेखाली नवे अर्ज स्वीकारणे थांबविण्यात आले. त्या वर्षी आधीच पाठिंबा मिळालेल्यांपुरता अपवाद ठेवण्यात आला. कल्पना खरी, मेहनत खरी, पण पत्र २०२६ मध्ये मिळणार होते, असा संस्थापक या दारातून आत जाऊ शकत नाही.

बीड जिल्ह्यातील पूर्वानुभव :

या ठिकाणी बीड जिल्ह्याच्या इतिहासातील एका प्रकरणाकडे वळणे उचित ठरेल. वरवर पाहता त्याचा व्हिसाशी काहीही संबंध नाही.

बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे संस्थान मुक्त झाले. मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातील शेकडो कार्यकर्त्यांनी तुरुंगवास सोसला, तर अनेकांनी भूमिगत राहून, सरहद्दीवरील छावण्यांतून काम केले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १९७२ मध्ये, केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना आणली आणि १९८० मध्ये ती सन्मान योजना म्हणून अधिक व्यापक केली. राज्य शासनाची स्वतंत्र योजनाही होती.

तुरुंगात गेलेल्यांचा पुरावा सरकारी दप्तरात मिळू शकत होता. पण भूमिगतांचे काय? ज्याच्या कामाचे यशच मुळी कागद मागे न ठेवण्यात होते, त्याच्याकडे चाळीस वर्षांनी कागद मागणे हा अन्याय ठरला असता. म्हणून शासनाने पर्याय काढला. तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाने 'हा माणूस आमच्याबरोबर होता' असे प्रमाणपत्र दिले, तर ते ग्राह्य धरावे. सर्वोच्च न्यायालयानेही अशा दाव्यांकडे उदार दृष्टीने पाहावे असेच सांगितले होते. मुकुंदलाल भंडारी प्रकरणात १९९३ मध्ये अर्जाला विलंब झाला म्हणून हक्क नाकारू नये अशी भूमिका न्यायालयाने घेतली, आणि गुरदयाल सिंग प्रकरणात २००१ मध्ये, फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा मागू नये, संभाव्यतेच्या कसोटीवर निर्णय द्यावा, असे म्हटले.

या उदारतेचा लाभ बीड जिल्ह्यात भलत्यांनीही घेतला, अशा तक्रारी उभ्या राहिल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. 'भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जाणारा २२ ऑगस्ट २००५ चा निर्णय आज प्रशासकीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत 'कपट' या संज्ञेच्या विवेचनासाठी वारंवार उद्धृत होतो. हा निर्णय बीड जिल्ह्यातील निवृत्तिवेतनांबद्दल आहे, ही गोष्ट मात्र तो उद्धृत करणाऱ्या अनेकांच्या ध्यानात नसते. खऱ्या स्वातंत्र्यसैनिकांविषयी पूर्ण आदर राखूनच, लढ्याशी संबंध नसलेल्यांना त्याचा लाभ घेऊ देता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. कपटात दोन घटक असतात, फसविणे आणि फसविल्या गेलेल्याची हानी. आणि ही हानी केवळ पैशाचीच असते असे नाही, हे विवेचनही या निर्णयात येते. पुढे निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगाने जिल्ह्यातील वादग्रस्त प्रकरणांची छाननी केली.

दोन्ही प्रकरणांची रचना शेजारी ठेवून पाहिली, तर साम्य ठळकपणे नजरेत भरते. भूमिगत कार्यकर्त्याचा पुरावा काळाच्या ओघात नष्ट झालेला असतो, तर नवउद्योगाचा पुरावा अद्याप जन्मालाच आलेला नसतो. एक साक्ष भूतकाळाविषयीची आहे आणि दुसरी भविष्यकाळाविषयीची. प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध नसल्यामुळे दोन्ही ठिकाणी राज्यसंस्थेने तिसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचे ठरविले, आणि दोन्ही ठिकाणी त्या शब्दाला किंमत आली. साक्षीदाराला खोटे बोलण्यापासून परावृत्त करणारी गोष्ट कोणती, हा प्रश्न दोन्ही योजना आखताना पुरेसा विचारला गेला नाही. तुरुंगवास भोगलेला देशभक्त खोटे लिहिणार नाही, असे एका ठिकाणी गृहीत धरले गेले. सरकारमान्य संस्था खोटे लिहिणार नाही, असे दुसऱ्या ठिकाणी. पहिले गृहीतक अधिक सभ्य होते, इतकेच म्हणता येईल.

साम्य येथेच संपत नाही. बीड जिल्ह्यात खरा स्वातंत्र्यसैनिक होता आणि त्याला आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात चौकशीला सामोरे जावे लागले, तर त्याच्यावर तो न केलेल्या अपराधाचा डाग होता. न्यायालयाने सांगितलेली पैशापलीकडची हानी ती हीच. स्टार्टअप व्हिसातही पत्रांचा बाजार झाला म्हणजे प्रामाणिक अर्जदाराचे पत्र आपोआप संशयित ठरते; त्याच्या देशाचे, त्याच्या प्रांताचे नाव पाहून अधिकाऱ्याच्या भुवया उंचावतात. जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी याचीच दुसरी आवृत्ती अलीकडे पाहिली. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा देण्यात आला. बीडसह अनेक जिल्ह्यांत बोगस अर्ज आढळले, आणि २०२५ मध्ये ती सवलत मागे घेण्यात आली. आता खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरणाऱ्यांत असे असंख्य शेतकरी आहेत, की ज्यांनी बोगस अर्ज कधीच केला नव्हता.

ब्रिटन आणि अमेरिका :

ब्रिटनचा मार्ग थोडा निराळा होता. तेथील टिअर १ उद्योजक व्हिसा २००८ पासून सुरू झाला. त्यासाठी सामान्यतः २ लाख पौंड आणि काही बाबतींत ५० हजार पौंड दाखवावे लागत. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे काम करू देणारा व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला, आणि तेव्हा पदवीधरांचा ओघ या उद्योजक व्हिसाकडे वळला. एकच रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवून अनेकांनी दाखविण्याचे प्रकार रोखण्यासाठी, जानेवारी २०१३ अखेर 'खरा उद्योजक' ही कसोटी आणण्यात आली आणि पैसा सतत हाती असला पाहिजे अशी अट घालण्यात आली. एक दार बंद केले की माणसे दुसऱ्या दाराने येतात. यात ती माणसे लबाड असतात असे नव्हे. पुष्कळांना फक्त राहायचे असते, आणि जे दार उघडे आहे त्यावरची पाटी ते आपल्या अर्जावर उतरवून काढतात. मार्च २०१९ मध्ये हा व्हिसा नव्या अर्जदारांसाठी बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या दोन व्हिसांत पैशाऐवजी मान्यताप्राप्त संस्थेचा पाठिंबा आला. म्हणजे कॅनडाचाच मार्ग. एप्रिल २०२३ मध्ये तेही एकत्र करून, पाठिंबा देणाऱ्या संस्थांची संख्या अगदी मोजक्यांवर आणण्यात आली, आणि पाठिंबा दिल्यानंतरही संस्थेने ठराविक टप्प्यांवर संस्थापकाची भेट घेऊन प्रगती तपासावी, असे बंधन आले. पत्र देणाऱ्याची जबाबदारी पत्राबरोबर संपत नाही, हे तत्त्व यात आहे, आणि ते योग्य वाटते.

अमेरिकेत स्टार्टअप व्हिसा या नावाचा व्हिसा आजही नाही. आंतरराष्ट्रीय उद्योजक नियम जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, मग लांबणीवर पडला, न्यायालयाच्या आदेशाने जिवंत झाला, रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि मे २०२१ मध्ये तो प्रस्तावही मागे घेण्यात आला. या नियमाखाली मिळतो तो व्हिसा नसून 'पॅरोल', म्हणजे ३० महिन्यांची तात्पुरती मुभा असते, आणि ती एकदा वाढविता येते. यासाठी पात्र अमेरिकी गुंतवणूकदाराची किमान गुंतवणूक लागते; १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा ३,११,०७१ डॉलर झाली. पत्र पुरत नाही, पैसा लागतो. त्यामुळे गैरवापर अवघड होतो, पण बीडसारख्या जिल्ह्यातील, ओळखीपाळखी नसलेल्या तरुणासाठी खरा वापरही जवळजवळ तितकाच अवघड होतो. गाळणी बारीक केली म्हणजे खड्याबरोबर दाणाही अडकतो.

अमेरिकेतील गैरवापर मग नोकरीच्या एच-१बी व्हिसाच्या सोडतीत दिसला. २०२४ या वित्तीय वर्षाच्या सोडतीसाठी ७,८०,८८४ नोंदण्या झाल्या. त्यांपैकी पात्र नोंदण्यांत तब्बल ४,०८,८९१ अशा होत्या, की ज्यांत एकाच व्यक्तीसाठी एकाहून अधिक कंपन्यांनी नाव दिले होते. एकाच उमेदवाराच्या चिठ्ठ्या अनेक छोट्या कंपन्यांमार्फत टाकून संधी वाढविण्याचे हे प्रकार असल्याचा संशय तेथील यंत्रणेने उघडपणे व्यक्त केला. पुढच्या वर्षीपासून सोडत नोंदणीवर न ठेवता व्यक्तीवर ठेवण्यात आली. एका माणसाची एकच चिठ्ठी. एकूण नोंदण्या ४,७९,९५३ वर आल्या आणि अनेक नोंदण्यांची संख्या ४७,३१४ इतकी घसरली. कोणालाही तुरुंगात न टाकता, केवळ मोजण्याची पद्धत बदलून झालेला हा फरक आहे. नैतिकतेच्या आवाहनापेक्षा रचनेतील छोटा बदल किती काम करतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या नियमाने स्वतःच्या कंपनीत बहुमताची मालकी असलेल्या संस्थापकालाही एच-१बी मिळण्याचा मार्ग स्पष्ट केला. मात्र पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ प्रत्येकी १८ महिन्यांपुरतीच ठेवली. म्हणजे दार उघडायचे, पण वरचेवर येऊन पाहायचे.

भारतीय कायद्याची बाजू :

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालांवर भारतात १९८३ चा उत्प्रवास कायदा लागू आहे. अशा दलालाने नोंदणी केली पाहिजे, आणि उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता कामा नये, अशी मर्यादा आहे. परंतु हा कायदा 'नोकरीसाठीची भरती' या कल्पनेभोवती रचलेला आहे. विद्यार्थी म्हणून किंवा संस्थापक म्हणून जाणाऱ्याला सल्ला देणारा कन्सल्टंट या व्याख्येत बसत नाही. गवंड्याला आखातात पाठविणाऱ्यावर शुल्काची मर्यादा आहे आणि अभियंत्याला 'संस्थापक' म्हणून टोरांटोला पाठविणाऱ्यावर नाही, ही विसंगती संसदेचे लक्ष वेधण्याजोगी आहे. पंजाबने २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा करून प्रवास सल्लागारांना परवाना सक्तीचा केला. जेथे असा कायदा नाही तेथे फसवणूक झाल्यावर जुन्या दंडसंहितेचे कलम ४२० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ हाच आधार उरतो, आणि तो घटना घडून गेल्यानंतरचा आहे.

यात अर्जदाराची स्थिती विशेष बिकट असते. तो एकाच वेळी फसविणारा आणि फसलेला असू शकतो. कन्सल्टंटने खोटा आराखडा तयार केला तरी सही अर्जदाराची असते. कॅनडाच्या कायद्यानुसार खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होते. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनामुळे कायमची अपात्रता येते, आणि ती माफ करून घेणे सोपे नसते. कन्सल्टंटाचे कार्यालय दुसऱ्या नावाने दुसऱ्या गल्लीत उघडते. जमीन विकून वा गहाण टाकून शुल्क भरलेले कुटुंब गावातच राहते. येथे मुकादमाची आठवण पुन्हा होते. उचल फिटली नाही म्हणून अडकणारा मजूर आणि भरलेले शुल्क बुडेल म्हणून खोट्या अर्जात पुढे पुढे ओढला जाणारा पदवीधर, यांची कोंडी एकाच जातीची आहे.

पडताळणीचे काही साधे मार्ग उपलब्ध आहेत, पण ते पुरेसे परिचित नाहीत. कॅनडाच्या बाबतीत शुल्क घेऊन सल्ला देण्याचा अधिकार फक्त वकिलांना आणि तेथील नियामक महाविद्यालयाच्या परवानाधारकांना आहे. परवानाधारकांची यादी सार्वजनिक असते. ब्रिटनमध्येही इमिग्रेशन सल्लागारांची अधिकृत नोंदवही आहे. खरोखर परदेशी कंपनीत पैसा गुंतवायचा असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची वार्षिक २ लाख ५० हजार डॉलरची मर्यादा आणि ऑगस्ट २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात. 'कागद आम्ही पाहतो, पैसा रोख द्या' असे सांगणाऱ्याला या नियमांविषयी एक प्रश्न विचारला तरी पुष्कळसा उलगडा होतो.

महाविद्यालये आणि शिफारसपत्र :

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांपासून दूरचा आहे असे मानण्याचे कारण नाही. २०१८ पासून केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या उपक्रमाखाली महाविद्यालयांत इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल स्थापन होऊ लागल्या. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणाने विद्यार्थ्यांना, तसेच अध्यापकांनाही, उद्योग काढण्यास आणि संस्थेला त्यात भाग घेण्यास वाव दिला. याचा अर्थ असा, की ज्या प्रकारच्या पत्राभोवती कॅनडात बाजार भरला, त्या प्रकारची पत्रे देण्याचा अधिकार आता तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाकडेही आलेला आहे. 'सदर विद्यार्थ्याने आमच्या केंद्रात अमुक प्रकल्प विकसित केला' हे वाक्य मूल्यांकनाच्या अहवालासाठी लिहिले जाते, तेव्हा ते निरुपद्रवी वाटते. तेच वाक्य लेटरहेडवर, शिक्क्यासह, परदेशी अर्जाला जोडले गेले म्हणजे तो पुरावा होतो. अहवालातील उपक्रमांची संख्या वाढविण्याची सवय आणि पत्रातील मजकूर यांच्यात भिंत असतेच असे नाही.

मार्च २०२३ मध्ये कॅनडातील शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचा प्रकार उघडकीस आला. त्यांतील अनेकांना आपले पत्र बनावट आहे हे तेथे काही वर्षे काढल्यानंतर कळले. त्यावर उपाय म्हणून १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा ते देणाऱ्या संस्थेकडून थेट करून घेण्यास तेथील शासनाने प्रारंभ केला. संस्थेने १० दिवसांत उत्तर द्यायचे असते. पत्र अर्जदाराच्या हातून न पाहता लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकणे, एवढाच हा बदल आहे.

अशीच विचारणा उद्या शिफारसपत्राबाबत एखाद्या परदेशी कार्यालयाकडून बीड, अंबाजोगाई किंवा माजलगाव येथील महाविद्यालयाकडे आली, तर उत्तर कशाच्या आधारे द्यायचे, हा प्रश्न उरतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात बोनाफाइडची नोंद असते, टी.सी.ची असते, जावक क्रमांक असतो. विभागप्रमुखाने वा नवोपक्रम समन्वयकाने दिलेल्या पत्राची स्थळप्रत त्याच नोंदीत जाईल, प्रकल्पाची दैनंदिनी आणि विद्यार्थ्याचा त्यातील प्रत्यक्ष वाटा त्यासोबत ठेवला जाईल, एवढी व्यवस्था करण्यास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. २००५ च्या निर्णयानंतर जिल्ह्यात छाननी सुरू झाली, तेव्हा प्रमाणपत्रे देणाऱ्यांपैकी अनेकांचे वय झालेले होते आणि काही हयातही नव्हते. ज्यांची साक्ष खरी होती, त्यांच्या बाजूने बोलण्यासाठीही मागे उरला होता तो फक्त कागद.